केवळ शुद्धलेखन

फोटो सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी आला, आणि श्रीपादने तो सवयीने वाचला; म्हणजे काय लिहिलंय ते नव्हे, कसं लिहिलंय ते. एका मोबाइलच्या पडद्याचा दुसऱ्या मोबाइलने काढलेला फोटो. वर शोधायची चौकट, तिच्यात कुणीतरी टाइप केलेलं ‘तांबडी मुंडी’. खाली ओळ : ‘या शब्दासाठी काहीही सापडले नाही.’ ओळ निर्दोष होती. असणारच, ती त्यानेच लिहिली होती. ‘काही’ घ्यावं की ‘काहीही’ यावर त्याने दोन वर्षांपूर्वी अख्खा मंगळवार घालवला होता, आणि ‘काहीही’मध्ये एक ठामपणा आहे, माणसाच्या मनात उगाच आशा राहत नाही, असं रुचिरला पटवून दिलं होतं. पूर्णविरामसुद्धा जागेवर होता. मग त्याची नजर त्या ओळीखाली बारीक अक्षरांत असलेल्या शोधाच्या वेळेवर गेली, काल दुपारी दोन वाजून नऊ मिनिटं, आणि जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी, तसं त्याला झालं. फोटो कंपनीतर्फे कामगारांना प्रशिक्षण देणाऱ्या जीनतने पाठवला होता. सोबत एक अक्षरही नव्हतं. जीनत एरवी तीन-तीन मिनिटांचे आवाजी निरोप पाठवायची.

खिडकीबाहेर लोणावळा आपला नेहमीसारखा चिक्की विकत होता. कंपनीचं ऑफिस तुंगार्लीच्या बाजूला एका जुन्या बंगल्यात होतं. श्रीपादच्या टेबलामागच्या भिंतीवर अजून न्हाणीघराच्या फरशा होत्या, आणि एकोणीस वर्षं पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासल्यावर शेवटी आपण पाणी वाहून जायच्या जागी येऊन बसलो, हा विनोद तो पाहुण्यांना स्वतःच सांगून टाकत असे, म्हणजे त्यांनी करायची सोय उरत नसे. कंपनी पॉलिहाऊस चालवायचं सॉफ्टवेअर बनवायची. गुलाबांना पाणी कधी, खत किती, धुकं केव्हा, हे सगळं ते सॉफ्टवेअर ठरवायचं, आणि ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे मोबाइलवरच्या मराठी माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असायचं. श्रीपाद आला तेव्हा ती पुस्तिका सात जणांनी लिहिलेली होती आणि सात जणांना एकमेकांची ओळख नसावी असं ती वाचून वाटायचं. एकट्या ‘वॉल्व्ह’ या शब्दाची पाच रूपं होती. कुठे व्हॉल्व, कुठे वाल्व, कुठे वॉल्व, एका ठिकाणी नुसतं ‘वॉल’. तिथे वाचणाऱ्याने भिंत बंद करायची होती. त्याने शब्दसूची केली. रुचिरने, तो कंपनीचा मालक, वय एकतीस, त्याला गेल्या वर्षी एक तपासणी-यंत्रणा करून दिली. ती सूचीबाहेरचा शब्द दिसला की तांबड्या रंगात दाखवायची आणि वर आकडा लिहायची. पहिल्या दिवशी आकडा होता दोन हजार तीनशे अकरा. श्रीपादला तो आकडा बघून जे वाटलं ते लग्नाच्या वेळी वाटलं नव्हतं.

काल दुपारी काय झालं ते त्याला काल संध्याकाळपासून माहीत होतं, पण दुसऱ्याच्या घरचं आजारपण माहीत असावं तसं. वराळ्याच्या पुढे, आंदर मावळाच्या तोंडाशी एक गुलाबाची बाग आहे, कंपनीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पाण्याचा आंबटपणा ठीक राहावा म्हणून ठिबकच्या पाण्यात थेंबथेंब ॲसिड सोडतात. काल ते थेंबथेंब सुटायचं सोडून सरळ वाहायला लागलं. ऑपरेटरने बंद करायला चौदा मिनिटं घेतली. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला परदेशात जायचे गुलाब, ऐन कळीत, दोन पॉलिहाऊस भरून; आज सकाळी त्यांची पानं कडेने भाजल्यासारखी झाली होती. ऑपरेटरचं नाव इर्शाद. आठ महिन्यांपूर्वी लागलेला, एप्रिलमध्ये कायम व्हायचा होता. माहितीपुस्तिकेत कार्यपद्धती स्पष्ट असताना त्याने ती पाहिली नाही, असं म्हणत होते. काल संध्याकाळी चहा पिताना श्रीपादसुद्धा असंच म्हणाला होता. ‘लोक वाचतच नाहीत’ हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलं होतं की ते तोंडातून बाहेर पडताना जीभ हलवावी लागत नसे. आणि आता हा फोटो सांगत होता की दोन वाजून नऊ मिनिटांनी त्या माणसाने वाचायला घेतलं होतं.

रुचिर कागद घेऊन आला. “सर, तीन वाजता बागेवर मीटिंग आहे. अपूर्वा मॅडमना कंपनीचं स्टेटमेंट हवंय. मी ड्राफ्ट केलाय, तुम्ही एकदा नजर मारा आणि सही करा. डॉक्युमेंटेशनचे हेड तुम्ही.” कागदावर दोन वाक्यं होती. ‘सदर कार्यपध्दतीची योग्य व संपुर्ण माहीती पुस्तिकेत उपलब्द होती. चालकाने तिचा वापर केला नाही.’ श्रीपादचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. पध्दतीचं पद्धती, संपुर्णचं संपूर्ण, माहीतीची वेलांटी, उपलब्दचा ध. चौथी चूक दुरुस्त करताना त्याच्या लक्षात आलं की कागदात अजून एक चूक आहे आणि ती लाल पेनाच्या आवाक्यातली नाही. तो म्हणाला, “वापर केला नाही असं कशावरून?” रुचिर म्हणाला, “माहिती होती की नाही पुस्तिकेत?” “होती.” “पान कितवं?” “सदुसष्ट. आम्ल-पुरवठा वॉल्व्ह, आपत्कालीन बंद.” “मग झालं तर. खोटं काय आहे यात?” यात खोटं काहीच नव्हतं. प्रत्येक शब्द खरा होता आणि आता शुद्धही होता. श्रीपादने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, सही तिथेच करू म्हणाला.

गाडी जुन्या हायवेने निघाली. रुचिर चालवत होता आणि कानात कुणाशीतरी दुसऱ्याच गिऱ्हाइकाबद्दल बोलत होता, त्यामुळे कार्ल्यापासून कामशेतपर्यंत श्रीपादला आपल्याच डोक्यात बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डोक्यात ते पॅकहाऊस होतं. दीड वर्षापूर्वीचं. कंपनीत एक रीत होती, जीनतने घालून दिलेली : पुस्तिकेत मजकूर बदलला की तो बागेवर जाऊन कामगारांना मोठ्याने वाचून दाखवायचा. जीनत मूळची त्याच बागेतली सुपरवायझर, तळेगावची. पुढे कंपनीने तिला प्रशिक्षण द्यायला घेतलं. ती म्हणायची, “श्रीपादसर, कागद डोळ्याला खरा वाटतो. कानाला फसवता येत नाही.” शब्दांची रूपं सुधारणं यात धरत नसत, बदलाच्या नोंदीत ‘केवळ शुद्धलेखन’ असं निवडलं की वाचन नाही, विचारणं नाही, पुस्तिका थेट सगळ्यांच्या मोबाइलवर. ‘आशयबदल’ निवडलं तर मात्र वाचन आलंच. त्या दिवशी वाचन होतं. गार खोली, टेबलांवर गुलाबांच्या जुड्या, बारा बायका दांडे कापताहेत, आणि जीनत वाचतेय, “आम्ल-पुरवठा वॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा.” एका बाईने कात्री थांबवली. भागुबाई तिचं नाव, आंदर मावळातली, पन्नाशीची, ॲसिडची टाकी पूर्वी सात वर्षं तिच्याकडे होती. ती म्हणाली, “कंचा वॉल?” जीनतने परत वाचलं. भागुबाई म्हणाली, “अगं, ती तांबडी मुंडी व्हय! अवो भाऊ, तिचं बारसं कवा केलं तुमी? आमाला घुगऱ्या न्हाई मिळाल्या त्या.”

बारा बायका हसल्या. एकीला हसताना हातातली जुडी खाली ठेवावी लागली. श्रीपादही हसला, अशा वेळी जसं हसायचं असतं तसं, आणि मानेवर, कॉलरच्या आत, ऊब चढत गेली ती त्याला आज, जानेवारीत, गाडीची काच खाली असताना, परत जाणवली. छापखान्यात त्याला कुणी हसलं नव्हतं. तिथे प्राध्यापक त्याच्या टेबलासमोर उभे राहून विचारत, श्रीपादराव, हे जोडून की तोडून? आणि इथे एक बाई, जिला स्वतःची सही करायला अर्धं मिनिट लागतं, ती एका वाक्यात त्याच्या सूचीचं बारसं करून मोकळी झाली होती. त्याच संध्याकाळी जीनतने पुस्तिकेच्या शेवटी एक पान जोडलं, ‘बागेतली नावं’. डावीकडे लोक म्हणतात ते, उजवीकडे पुस्तिकेतलं. कोंबडा म्हणजे भोंगा. सासू म्हणजे दाबमापक, सारखी नजर ठेवून असते म्हणून. तांबडी मुंडी म्हणजे आम्ल-पुरवठा वॉल्व्ह, पान सदुसष्ट. एक्केचाळीस ओळी. डावीकडचं नाव शोधलं तरी पुस्तिका बरोबर पानावर नेऊन सोडायची. पान उपयोगाचं होतं, हे श्रीपादला त्याच दिवशी कळलं होतं. हे तो आज स्वतःशी कबूल करत होता असं नाही. हे त्याला कायमच माहीत होतं, फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं.

कामशेतच्या पुढे ट्रकमागे गाडी अडकली आणि त्याला गेल्या नोव्हेंबरातला शुक्रवार आठवला. पावणेपाच वाजले होते. महिनोन् महिने तो आकडा खाली आणत होता. हजार, चारशे, नव्वद, त्रेपन्न. शेवटी तो एक्केचाळीसवर येऊन थांबला. सेन्सर सगळीकडे सेन्सर होता, वॉल्व्ह सगळीकडे वॉल्व्ह, आणि तरी वर तांबड्यात एक्केचाळीस. तेवढ्याच ओळी. सासू, कोंबडा, मुंडी. त्या पानाला यंत्रणेतून वगळता आलं असतं. रुचिरला सांगितलं असतं तर त्याने दहा मिनिटांत करून दिलं असतं. श्रीपादने पान निवडलं आणि काढून टाकलं. पुस्तिकेने विचारलं, बदलाचा प्रकार? आशयबदल म्हटलं असतं तर पान का काढलं ते त्या गार खोलीत उभं राहून मोठ्याने वाचून दाखवावं लागलं असतं. त्याने ‘केवळ शुद्धलेखन’ निवडलं. आकडा शून्य झाला. हिरवा. त्याने पडद्याचा फोटो काढून ठेवला, रुचिरने सगळ्यांसमोर चिक्कीचा खोका फोडला, त्यावर मार्करने लिहिलं होतं ‘शुन्य चुका’, आणि श्रीपादने हसत हसत त्यातला उकार दीर्घ करून दिला. दोन हजार तीनशे अकरा बदल. त्यातले दोन हजार दोनशे सत्तर शुद्धलेखनाचे होते.

“सर, झोपलात का?” रुचिरने विचारलं. बाग आली होती.

ऑफिस म्हणजे पॅकहाऊसच्याच एका टोकाला काचेची खोली. बाहेर बायका दांडे कापत होत्या, पण कात्र्यांचा आवाज आज विरळ होता. अपूर्वा, बागेची मॅनेजर, शेतकी कॉलेजातून सुवर्णपदक घेऊन आलेली, रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या सभ्यपणाने म्हणाली, “बसा. मला वाद नकोय. मालकांना आज संध्याकाळी सांगायचंय की हे कशामुळे झालं.” तिच्यासमोर एक टाइप केलेलं पत्र होतं, उलट्या बाजूनेही श्रीपादला वाचता आलं, कारण उलटं वाचणं ही त्याची जुनी कमाई होती : ‘आपल्या सेवेची आवश्यकता नसल्याने’. जीनत भिंतीला टेकून उभी होती. तिने श्रीपादकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली नाही. इर्शाद दाराशी उभा होता. तिशीचा, अंगाने बारका, उजव्या मनगटावर बँडेज. त्याच्या मागे, कुणी बोलावलेलं नसताना, भागुबाई हातात कात्री घेऊन.

अपूर्वा म्हणाली, “इर्शाद, चौदा मिनिटं काय करत होतास, परत सांग यांना.”

“मॅडम, किती येळा सांगू? म्या मुंडी तवाच फिरवली असती. पर तुमीच सांगितलं व्हतं, बाहेर बोर्ड बी लावलाय, पुस्तक बगितल्याबिगर मुंडीला हात लावायचा न्हाई. मागं त्या जानूनं पंप चालू असताना फिरवली आन् पाइप फुटला. आदी काय बंद करायचं, नंतर काय, त्ये पुस्तकात हाय म्हनून पुस्तक उगडलं. तर त्यात न्हाईच! जीनतताईंना फोन लावला, तर टाकीपाशी रेंज न्हाई. शेवटाला पळत जाऊन मावशीला आनलं. तिनं सांगितलं तसं केलं.”

“पुस्तिकेत आहे,” रुचिर शांतपणे म्हणाला. “पान सदुसष्ट.”

“आसंल की साहेब. पर मला गावलं न्हाई.”

“शोधता यायला हवं ना? ट्रेनिंग झालंय तुमचं.” रुचिरने श्रीपादकडे हात केला. “सर, ते स्टेटमेंट.”

श्रीपादने कागद काढला आणि टेबलावर उलगडला. लाल शाईच्या चार दुरुस्त्या. खोलीत ॲसिडचा नव्हे, गुलाबाचा वास होता, ओला, हिरवा, कापलेल्या दांड्यांचा. तोच, दीड वर्षापूर्वीचा. सही केली तर काय होईल ते त्याला दिसत होतं, आणि ते भयंकर नव्हतं, हेच भयंकर होतं. काहीच होणार नव्हतं. तो घरी जाईल, जेवेल. नोंदीत ‘केवळ शुद्धलेखन’ असंच राहील, आणि जगात कुणी माणूस केवळ शुद्धलेखनाची नोंद उघडून बघत नाही. जीनतला संशय होता, पण जीनतकडे फक्त एक फोटो होता. पान कुणी काढलं, कधी काढलं, ते त्या दोन हजार तीनशे अकरात पुरलेलं होतं, आणि पुरायची जागा त्याच्याइतकी नीट कुणीच निवडली नसती. सहीची जागा रुचिरने पेन्सिलीने फुली करून ठेवली होती. श्रीपादला वाटलं, आपल्याला लघवीला जायचंय. मग वाटलं, नाही, ते ते नाही.

“जरा लॅपटॉप द्या,” तो म्हणाला.

“कशाला?” रुचिरने विचारलं, पण दिला.

श्रीपादने नोंदवही उघडली. नोव्हेंबर, शुक्रवार, चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. बदलाचा प्रकार : केवळ शुद्धलेखन. त्याने तिथे टिचकी मारून ‘आशयबदल’ केलं. पुस्तिकेने विचारलं, ‘कारण लिहा (किमान दहा अक्षरे).’ ही अटही त्याचीच होती, लोक नुसतं ‘ठीक’ लिहून सुटतात म्हणून. त्याने ‘एकवाक्यता’ लिहिलं. पाच अक्षरं भरली. ‘एकवाक्यतेसाठी आवश्यक’ लिहिलं. ते चाललं असतं. फार सुरेख चाललं असतं. त्याने ते खोडलं. मग बोटं न थांबवता लिहिलं आणि पाठवून दिलं. एकदाही वाचून पाहिलं नाही. हे त्याच्या हातून गेल्या वीस-एकवीस वर्षांत पहिल्यांदा होत होतं.

आशयबदलाची सूचना बागेच्या सगळ्या मोबाइलना जाते. अपूर्वाचा वाजला, जीनतचा वाजला, बाहेर पॅकहाऊसमध्ये चार-पाच वाजले. इर्शादने डाव्या हाताने खिशातून काढला. भागुबाई म्हणाली, “काय आलंय रं? वाच.” आणि वाचून दाखवायची रीतच असल्यामुळे, कुणी अडवायच्या आत, तो अक्षरावर अक्षर ठेवत मोठ्याने वाचायला लागला :

“‘पान काढले : बागेतली नावं. काढणारा : श्रीपाद. बदलाचा प्रकार : आशयबदल. कारण : या पानातल्या एका नावावरून मला बायका हसल्या होत्या आणि मला शून्य हवं होतं. या पानाशिवाय तांबडी मुंडी सापडत नाही हे मला माहीत होतं.’”

कात्र्या पूर्ण थांबल्या. रुचिरने पेन्सिलीची फुली असलेला कागद बोटाने स्वतःकडे ओढला आणि फोन घेऊन बाहेर गेला. अपूर्वाने दोन्ही हातांनी डोळे चोळले, मग समोरचं पत्र उचललं, आडवं फाडलं, परत फाडलं. “हे आता देता येणार नाही,” ती म्हणाली, आणि श्रीपादकडे बघून, त्याच सभ्यपणाने, “तुमचं काय ते तुमची कंपनी बघेल.”

भागुबाईने विचारलं, “कोन हसलं व्हतं?”

“तुम्हीच मावशी,” जीनत म्हणाली. “बारशाचं बोलला होतात. घुगऱ्यांचं.”

भागुबाईने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. कपाळाला आठी घालून, कात्रीचं टोक हनुवटीला लावून. “म्या? कवा?” ती म्हणाली. “मला तर काय याद न्हाई बया.” आणि श्रीपादकडे वळून, राग नाही, नुसतं नवल : “आन् तेवढ्यापायी तुमी पान फाडलंत व्हय भाऊ?”

श्रीपादने मान हलवली. दीड वर्षं त्याने जे कॉलरच्या आत सांभाळलं होतं त्याची या खोलीत दुसऱ्या कुणाकडे प्रतसुद्धा नव्हती.

इर्शाद अजून मोबाइलकडेच बघत होता. त्याने शोधायची चौकट उघडली. तिच्याखाली कालचं सगळं साठून राहिलं होतं. तो टेबलापाशी आला आणि मोबाइल श्रीपादच्या पुढ्यात ठेवला. नऊ ओळी. तांबडी मुंडी. तांबडी मुंडि. तांबडि मुंडी. तांबडी मूंडी. तांबडि मुंडि. तामडी मुंडी. तांबडी मुडी. लाल मुंडी. मुंडी.

“चौदा मिनिटं मी मलाच शिव्या देत व्हतो साहेब,” इर्शाद म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “तिकडं कोंबडा वरडतोय आन् हितं मी येलांट्या बदलतोय. म्हनलं, सातवीला शाळा सोडली ना, आपल्यालाच लिहिता येत न्हाई. पुस्तकात असनारच. आपलंच चुकतंय.” त्याने बँडेजच्या हाताने यादीवर बोट ठेवलं. “तुमी त्यातलं जानता म्हनून इचारतो. यातलं कंचं बरोबर व्हतं?”

श्रीपादने नऊही ओळी वाचल्या. वाचायची गरज नव्हती.

“पहिलंच,” तो म्हणाला.